लाल टॅगवरचं नाव

चाकणला आमच्या कंपनीत ते लाइन सुपरवायझर आहेत, मी क्वालिटीत. शिफ्टचा पहिला पीस मोजून आम्ही दोघांनी सही केल्याशिवाय मशीन पुढे चालवायची नाही, असा नियम आहे. मोजताना ते श्वास रोखतात. माप बरोबर आलं तरी नुसतं "व्हय, चालू द्या" म्हणतात. कुणाची खरडपट्टी काढायची तर चहाच्या मशीनपाशी नेऊन हळू आवाजात काढतात, त्यामुळे त्यांनी चहाला बोलावलं की माणूस धास्तावतो.

मागच्या महिन्यात पेटीभर पीस परत आले, भोक मोठं पडलेले. साहेब सगळ्यांसमोर ऑपरेटर बाईंवर घसरले. सुपरवायझर मध्ये आले. "साहेब, पहिला पीस मी पास केला. मापाचं गेज माझ्या हातून पडलं होतं, तरी त्याच गेजनं मोजलं. ताईंची चूक न्हाई." मग एका खराब पीसला लाल टॅग लावून त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि तो लाइनच्या तोंडाशी टांगला.

आता पहिला पीस ते आधी ताईंना मोजायला देतात. "माझं चुकलं तर सांगायचं," म्हणतात. परवा ताईंनी चूक सांगितली. सुपरवायझरनी लगेच मशीन थांबवली.

मला मात्र त्यांनी अजून चहाला बोलावलेलं नाही. त्या पेटीच्या पहिल्या पीसवर मी न मोजताच सही केली होती. कागदावर सह्या दोन आहेत, टॅगवर नाव एकच.