बारुदीचं खत

माझे बाबा दुर्गजवळ अहिवाऱ्याकडच्या एका चुनखडीच्या खदानीत बारूद भरायचे. तिकडे भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि तो आपल्यामुळेच राहतोय, असा त्यांचा थाट. दगडातल्या भोकात बारूद ठासायची, भोंगा वाजला की पळायचं, धुरळा बसला की परतायचं. एवढ्या शिक्षणावर माणूस जगातल्या कुठल्याही विषयावर मत देऊ शकतो, हे मी घरीच शिकले.

आईचा जीव एका पिंपळाच्या रोपात होता. नागपूरला जाऊन तिनं दीक्षा घेतली आणि पुढच्या खेपेला तिथून हे वीतभर रोप आणलं. दुर्ग येईस्तोवर ते तिच्या मांडीवर आणि मी रेल्वेच्या डब्याच्या फरशीवर. मी काही बोधिवृक्षाची लेक नव्हते ना! गावच्या पिंपळाच्या पारावर तिच्या बापाला जन्मात कधी बसू दिलं नव्हतं, सावलीला गेला तरी हाकलायचे. म्हणून येत्या जयंतीला हे रोप वस्तीच्या मधोमध लावायचं, पुढे त्याला पार बांधायचा आणि त्यावर आपण सगळ्यांनी बसायचं, असं तिनं ठरवलं होतं. वस्तीला तसा शब्दही देऊन बसली होती.

रोप आपलं सावकाश वाढत होतं. बाबांना ते बघवेना.

"जयंतीले काय हे काडीएवढं रोप लावतं का?" ते आईला म्हणाले. "बारुदीत अन् खतात एकच माल रायते. रूसी साहेबानं सांगितलं आमाले."

खदानीवर आलेल्या त्या रशियन साहेबानं दुभाष्याकरवी जीव सांभाळायच्या शंभर गोष्टी सांगितल्या असतील. आमच्या घरच्या साहेबांनी, म्हणजे बाबांनी, त्यातली नेमकी ही एक घरी आणली, आणि सोबत कागदाच्या पुडीत खदानीत सांडलेली भुकटी. आई भांडी घासत होती, तेवढ्यात मूठभर भुकटी रोपाच्या बुडाशी गेलीसुद्धा.

खोटं कशाला बोलू, आठ दिवसांत पानं अशी गर्द हिरवी झाली की शेजारीण बघायला आली. बाबांनी तिला खतावर व्याख्यान दिलं आणि त्याच खुशीत रोपाला आणखी दोन मुठी दिल्या. मग पानांच्या कडा तपकिरी पडल्या, भाजल्या पापडासारख्या चुरायला लागल्या. कोवळ्या शेंड्यानं मान टाकली. "ऊन लागलं," बाबांचं निदान. उपाय? अजून एक मूठ. धन्य त्या डॉक्टरची!

जयंतीच्या दोन दिवस आधी आईनं वाळलेलं रोप उपटलं. मुळं काळी, आखूड, बारीक तंतू एकही नाही. तिनं माती नाकाशी नेऊन हुंगली. तोच वास रोज बाबांच्या सदऱ्याला यायचा. सुट्टीनंतर कामावर गेले की संध्याकाळी ते डोकं फडक्यानं आवळून पडायचे, तेव्हाही तोच.

"झाडाले भोंगा ऐकून पळता येत नाही, म्हणून थे पीत राह्यलं," ती म्हणाली. "तुमी तं पळता ना? मंग तुमचं डोकं कावून दुखते?"

बाबांनी सदऱ्याची बाही नाकाशी नेली.

जयंतीला वंदना झाल्यावर आई रिकामं मडकं घेऊन वस्तीसमोर उभी राहिली. "रोप मेलं. मीच पाणी जास्त टाकलं," म्हणाली. मला असा संताप आला! तेवढ्यात मागून बाबा उठले. "नाही. म्या मारलं." एवढं बोलून खाली बसले.

पुढच्या वर्षी दुसरं रोप आलं. बाबांनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. ते चांगलं वाढलं आणि काही वर्षांनी वस्तीनं राबून त्याला पार बांधला. पहिल्या संध्याकाळी सगळे दाटीवाटीनं बसले. बाबा कामावरून तसेच आलेले, लांबच उभे.

"या ना, बसा," आईनं हाक मारली. "आता आपल्याले कोणी हाकलत नाही."

बाबांनी आपल्या पंजांकडे पाहिलं. "पहिले हात धुऊन येतो," म्हणाले आणि नळाकडे गेले. कोपरापर्यंत साबण लावून घासत राहिले, घासत राहिले. मला रडू आलं. आई पारावर त्यांची जागा धरून बसली होती.