अष्टमीची पाहणी, पुनवेची पाहणी

राई गावच्या खाडीतली तिवरं मी वाचवली, असं म्हणून मागच्या महिन्यात गावच्या तरुणांनी मला शाल दिली. मी ती घेतली. आता खरं लिहितो.

ऐंशीचं दशक सरत होतं. मी जमिनीच्या कचेरीत कारकून होतो. पाहणीच्या तारखा काढणं माझं काम. राईतली एक कोळीण मावशी तिवरांच्या त्या खाऱ्या पाण्यातल्या जंगलात चिंबोऱ्या धरायची. कोलंबी, जिताड्याची पिल्लं, सगळं तिथल्या मुळांतच वाढायचं. दर रविवारी ती मला वाटा द्यायची. भरती-ओहोटी मी तिच्या ओट्यावर शिकलो.

"अष्टमीला भांग असतो भाऊ, भरतीला जोर नसतो, पानी आत येतच न्हाय. पुनवेला दुपारी बाराला बघ, कसं धावत येतं."

मला बढती हवी होती. भरतीचं पाणी येत नाही असं कागदावर आलं की ती जागा एका बिल्डरला मिळणार होती. मावशीचं बोलणं मी साहेबांना आणि बिल्डरच्या माणसाला जसंच्या तसं सांगितलं. पाहणी अष्टमीला दुपारी ठेवली, गावाला कळवलं नाही. पंचनामा माझ्या अक्षरात आहे: 'भरतीचे पाणी येत नाही. किरकोळ झुडपे.' मग बिल्डरनं बांध घातला, पाणी तुटलं, तिवरं उभ्या उभ्या वाळली. चिंबोऱ्या गेल्या. तरी मावशीचा वाटा आला, सुक्या बोंबलांचा.

गाव कचेरीवर आलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "या गाढवानं तारीख काढली. याला काय कळतंय जमिनीतलं!" बढतीही दुसऱ्याला गेली.

तिवरांसाठी माझा जीव तुटला असं लिहिलं, तर ते खोटं होईल. 'गाढव' या एका शब्दासाठी मी तीन वर्षं थांबलो.

मग तिवरांच्या उरलेल्या पट्ट्याची फाइल आली. साहेब घाटावरचे, कॅलेंडरात तिथी नाही, फक्त सुट्ट्या बघायचे. "मागच्यासारखंच काढ," म्हणाले. मी पुनव काढली, सकाळी साडेअकरा. पंच म्हणून राईच्या आठ बायकांना नोटिसा दिल्या.

मावशी साहेबांना आणि बिल्डरच्या माणसाला तिवरांत आत, आणखी आत घेऊन गेली. "हिकडं या साहेब, सुकं हाय."

पाणी मागून आलं. आधी बूट बुडाले, मग गुडघे.

"अरे, ये क्या है?" बिल्डरचा माणूस ओरडला.

"भरती," एक बाई म्हणाली. "तुमच्या कागदात नसते ती!"

बायका हसत सुटल्या. साहेब फांदी धरून उभे. मी बांधावर बसून सावकाश लिहिलं: 'पाणी कमरेपर्यंत.' आठही अंगठे झाले, मग ओल्या हातानं साहेबांची सही झाली. तोवर त्यांना कोणी वर घेतलं नाही. तसा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. आजही आठवलं की होतो.

पट्टा वाचला. परतताना मावशी शेजारून चालत होती.

"पुनव तू काढलीस," ती म्हणाली. "मंग अष्टमी बी जानूनच काढली व्हतीस?"

मी पंचनाम्याची घडी खिशात घातली. त्या रविवारी वाटा आला नाही, पुढेही कधी नाही.

मावशी आता नाही. शाल परत पाठवतोय, सोबत हा कागद. गावासमोर मोठ्यानं वाचा. साहेबांचा हिशेब तेव्हाच चुकता झाला. माझा राहिला होता.