रस्त्यापलीकडचा अत्तरवाला
लिफ्टमध्ये खसाच्या अत्तराचा वास आला की मला खुलताबादचा एक अत्तरवाला आठवतो. शहरात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, त्या दुष्काळातली गोष्ट. त्याची बायको आमच्या दवाखान्यात टेस्ट ट्यूब बाळासाठी यायची, मी तिथल्या लॅबमध्ये भ्रूण सांभाळायचे. भ्रूणाला उग्र वास बाधतो, अत्तर लावून येऊ नका, असं मीच त्याला सांगितलं होतं. पण अत्तर त्याच्या कातडीतच मुरलेलं. टँकरच्या पाण्यानं दोनदा अंघोळ करूनही तो आत येईना, रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभा राहिला. शेवटी मीच मोबाइल घेऊन गेले. भ्रूण ज्या उबदार पेटीत वाढतात तिचं दार न उघडता आतल्या कॅमेऱ्यानं टिपलेले चार भ्रूण वाढताना दाखवले, त्यातला आम्ही निवडलेला दाखवला. "हात तर नाय लावला ना त्याला?" त्यानं विचारलं. "नाही, नुसतं बघून निवडलाय," मी म्हणाले. त्यानं मोबाइलही हातात घेतला नाही. हात पाठीमागं बांधून लांबूनच बघत राहिला. त्या खेपेला दिवस राहिले नाहीत. कळवायला फोन केला, तर हळूच म्हणाला, "मॅडम, माझाच वास पोचला का त्याला?" मी नाही म्हणाले, दोनदा म्हणाले. लिफ्टमध्ये अजूनही मनातल्या मनात म्हणते.