बुधरीबाईची जागा

मी बाबूभाई, चामोर्शीचा साउंडवाला. लग्न, बारसं, पुढाऱ्याचं भाषन, सारं माह्याच स्पीकरच्या डब्यातून वाजते. गानं ऐकून मले काई होत नाई, कानाले घट्टे पडले म्हना. पन रंजीताचं सांगतो, ऐका.

रंजीता आमच्या बाजारात शिलाईच्या दुकानात ब्लाऊज शिवते. गाव तिचं जंगलात, आत. ऑर्केस्ट्रावाल्यानं भंगारात काढलेला कीबोर्ड तिनं उचलला. त्यातली काई बटनं मेलेली, तं पोरीनं चालीच अशा बांधल्या का तिथी बोट जायचंच नाई. ठेक्यासाठी शिलाई मशीनची टकटक भरली. आवाज भरायले जागा कुठी? घरी धान ठेवाची बांबूची ढोली रिकामी होती. तिले आतून गोधड्या लावल्या अन् आत बसून गायली. सारा अल्बम एकटीनं केला, तोही गोंडीत. सिंथ-पॉप म्हनतेत म्हने याले. मी म्हनलं, आता हेच पाहाचं राह्यलं होतं.

अन् हे सारं कोनासाठी? तं मायसाठी. तिची माय बुधरीबाई रेल्यात, म्हंजे गोंडी नाचगान्यात, गायची. रेला एकटीनं म्हनत नाईत. एकीनं ओळ टाकाची, दुसरीनं उचलाची. टाकनारी तिची ननद रुखमा, उचलनारी बुधरीबाई. रुखमा गेली अन् बुधरीबाईचं गानंच बंद झालं. बोलते, भांडते, पन गाईन तं शपथ. तिच्यापायी बाकीच्या बायाही गप झाल्या. रंजीतानं एकदा स्वतः ओळ टाकून पाह्यली, तं माय उठून पान्याले निघून गेली. तिनं एकदा तरी गावं, बस, एवढंच पोरीच्या डोक्यात.

मले तिनं डबे घेऊन गावात बोलावलं. उन्हं कलली होती. बाया अंगनात मोहफुलं निवडत बसल्या होत्या. बुधरीबाई पाठ करून बसलेली.

गानं लावलं. अरे बापा! ढोलीतला तो आवाज अंगनभर असा पसरला का माह्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत माह्या डब्यातून असं काई निघालं नव्हतं. अन् एक ओळ झाली का आवाज गायब! ठेका चालू, गानारी नाई. पुन्हा ओळ, पुन्हा गायब. साऱ्या गावापुढं इज्जतीचा फालूदा. मले वाटलं वायर ढिली झाली. मी वायर हलवली, पिन काढून पुसली, डब्याले दोन थापडा मारल्या. रंजीता कोपऱ्यात उभी, नजर मायच्या पाठीवर. शेवटी मी बटन बंद करायले हात नेला.

तं बुधरीबाई वळली. चिडलीच होती.

"वायर सोड, भाऊ. डबा नाई बिघडला. आमीच गप बसून राह्यलो."

पुढची ओळ आली, अन् त्या रिकाम्या जागेत बाईनं ती उचलली. फाटका आवाज, पन नेमका ठेक्यावर. मंग एकेक करून बाकीच्या बायांनीही उचललं. मोहफुलं तशीच राह्यली. मी पिन हातात धरून येड्यासारखा उभा.

गानं संपलं. डबा चूप. मले वाटलं झालं. पन बुधरीबाईनं पोरीकडं पाह्यलं अन् आपलीच एक ओळ टाकली. जल्मभर उचलनारी बाई, पयल्यांदा टाकत होती. आता उचलाचं रंजीतानं. पन सारा अल्बम एकटीनं करनारी पोर पदर तोंडाले लावून रडत राह्यली.

ओळ खाली पडते का काय, मले राहवलं नाई. मीच उचलली. बेसूर अन् चुकीच्या गोंडीत. बाया हसून लोटपोट झाल्या, बुधरीबाईही हसली. अन् त्या हसन्यातूनच रंजीताचा आवाज आला, मायच्या ओळीले.

दोघी गात होत्या, तवा मी हळूच वायर गुंडाळाले लागलो. माह्या डब्याचं तिथी आता काई काम नव्हतं.