उजव्या हाताला नदी

कुमुदकाकूंची पहिली भेट म्हणजे टक्करच. अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या घरांमागे एक तळं आहे. त्याच्याभोवती सगळं जग एका दिशेने फिरतं आणि काकू बरोबर उलट्या. अंगात मुलाचं जुनं जॅकेट, बर्फ असला तर बुटांना खिळे, आणि समोरून येईल त्याला हात जोडून खणखणीत "नर्मदे हर!" गोरे जॉगर "यू टू!" म्हणून पुढे पळायचे. मी पडले पुण्याची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी आपली "हाय काकू" म्हणून सटकायचे.

तळ्यावर मधोमध लाकडी पूल आहे. त्यावरून गेलं की अर्धी फेरी वाचते. काकूंनी त्यावर कधी पाऊल ठेवलं नाही.

"पाणी उजव्या हाताला ठेवायचं अन् ओलांडायचं नाही. परिक्रमेचा नियम आहे नं."

"पण काकू, ही नर्मदा नाहीये. डबकं आहे."

"मला माहीत नाही का बाप्पा? सवय करून राहिले मी."

नागपूरच्या या बाईने आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती, नर्मदेची पायी परिक्रमा. आधी सासूबाईंचं आजारपण आलं, मग काकांचं. मग मुलगा निनाद याला जुळं झालं म्हणून काकू थोड्या दिवसांसाठी अमेरिकेत आल्या, आणि जुळी मिडल स्कूलला गेली तरी इथेच होत्या. ग्रीन कार्ड मिळालं, आणि ते टिकवायचं तर फार दिवस देशाबाहेर राहायची सोय उरली नाही. "पुढच्या वर्षी जाईन," असं त्या दर वर्षी म्हणायच्या आणि सगळे माना डोलवायचे.

अशात माझी इंग्लंडची ट्रिप ठरली. थेम्सच्या उगमापासून लंडनपर्यंत काठाकाठाने पायवाट आहे. बरोबर येणाऱ्या मैत्रिणीने ऐन वेळी कॅन्सल केलं, आणि ते काकूंच्या कानावर गेलं.

"उगमापासून नदीच्या काठानं चालायचं? मी येते."

मी सर्दच झाले. "यार, तू तरी तिला नाही म्हण," निनाद म्हणाला. कोण म्हणणार?

उगमाशी पाण्याचा टिपूस नव्हता. कुरणात एक झाड आणि त्याखाली एक दगड. काकूंनी पर्समधली कुंकवाची डबी काढून दगडाला बोट लावलं, तेव्हा शेजारी सँडविच खाणारं म्हातारं जोडपं खायचं थांबलं. काकूंनी त्यांनाही "नर्मदे हर" केलं. पुढची वाट फार सुंदर होती. मधाच्या रंगाच्या दगडांची चर्चेस, जुन्या पाणचक्क्या, हंस. काकू थेम्स उजव्या हाताला ठेवून तुरुतुरु चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी वाट एका पुलावरून पलीकडे गेली. काकू अलीकडेच बसल्या.

"काकू, ट्रेल पलीकडे आहे!"

"असू दे. मी इकडूनच येते."

मी पुस्तक काढलं. वाचून दाखवलं की पुढे तर ही वाट किती तरी वेळा काठ बदलते, पूर्वी नावा ओढणारे घोडेसुद्धा होडीत घालून पलीकडे नेत.

"घोड्यांनी संकल्प केला होता का?"

मी तणतणत पूल ओलांडला. मग एका काठावरच्या वाटेने मी आणि दुसऱ्या काठावर खाजकुयलीसारख्या झुडपांतून, कुंपणांखालून काकू, अशा आम्ही चाललो. त्या मधूनच ओरडायच्या, "पाणी पीत जा गं!" इंग्रज गाई मान वर करून बघत होत्या. तिथे थेम्स म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढाच, त्यामुळे बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

तासाभराने एका कुंपणाची लाकडी पायरी उतरताना माझा पाय मुरगळला. कट्ट असा आवाज झाला आणि मी किंचाळले. फोनला रेंज नाही, आसपास माणूस नाही, पूल कुठल्या कुठे मागे राहिलेला. डोकं वर केलं तर काकू समोरच्या काठावर उभ्या होत्या. आता त्या कुणाला तरी हाका मारतील, असं मला वाटलं.

त्या सरळ पाण्यात उतरल्या. बुटांसकट. बघता बघता पाणी कमरेपर्यंत आलं. अडुसष्ट वर्षांची बाई, पर्स डोक्यावर धरून नदीच्या मधोमध. माझं दुखणं कुठल्या कुठे पळालं. आणि इतके दिवस थट्टा करणारी मी काय ओरडावं?

"काकू, नको! परिक्रमा मोडेल!"

"गप बस."

त्या निथळत वर आल्या, खाली बसल्या आणि माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते.

"मोडली नं तुमची," मी रडत म्हणाले.

"मोडली. खंडित झाली की पहिल्यापासून करायची, बस."

इतक्या सहज म्हणाल्या की मला हुंदकाच आवरेना.

घोट्याला प्लास्टर घालून आम्ही परतलो. काकू गोळाभात घेऊन यायच्या, नदीचं नाव काढायच्या नाहीत. मला वाटलं, आता पुन्हा 'पुढच्या वर्षी' सुरू होणार.

प्लास्टर निघालं, पानगळ सरली. एक दिवस निनाद दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"आई इंडियात गेली. ओंकारेश्वरला. आम्हाला वाटलं तळ्यावर गेलीये. पोहोचल्यावर फोन केला तिने. पूर्ण शास्त्रोक्त परिक्रमा करणार म्हणते, तीन वर्षांच्या वर. ग्रीन कार्ड जाईल ना! परत इथे राहायला येणं होणारच नाही तिचं." त्याने माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "तू बोल. माझं ऐकत नाहीये. तुझ्यासाठी ती नदीत उतरली होती. तू बोलावलंस तर येईल."

तो खरं बोलत होता, आणि तेच भयंकर होतं. आठ-नऊ वर्षांत काकूंशिवायचा हिवाळा मी इथे पाहिला नव्हता.

व्हिडिओवर काकू दिसल्या. पांढरी साडी, मागे घाट, घाटापलीकडे पाणी.

"काहून गं, चेहरा असा काहून? पाय दुखून राहिला का? खरं सांग. उद्या सकाळी हातात पाणी घेऊन संकल्प सोडायचा आहे, मग चालायला लागायचं, अजून पाऊल उचललं नाही मी. दुखत असेल तर येते."

बाहेर सीझनचा पहिला बर्फ पडत होता आणि घोटा सकाळपासून ठणकत होता. निनाद हाताने खुणावत होता, सांग, सांग.

"पाय एकदम ठणठणीत आहे, काकू," मी म्हणाले. मग फोन टेबलावर टेकवून ठेवला, दोन्ही हात जोडले आणि निनादच्या देखत, जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने म्हणाले, "नर्मदे हर!"