हाडकुळा जाड्या

साल्तो शहरातल्या वखारीत संत्री निवडणारा अन्सेल्मो म्हणजे नुसता हाडांचा सापळा. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. आणि त्याची बायको नेलिदा त्याला एकेचाळीस वर्षं काय म्हणत आली? तर जाड्या. त्यात चेष्टा नव्हती हो. आमच्याकडे ज्याच्यावर जीव असतो, त्याला कुणी धड नावाने हाक मारतं का? 'अन्सेल्मो' असं ती दोनदाच म्हणाली होती. एकदा लग्नात पाद्रीबाबांसमोर, आणि एकदा कार्निव्हलमध्ये तो दुसरीबरोबर नाचला त्या दिवशी.

मार्चमध्ये नेलिदाला झटका आला आणि वाचा गेली. तीन आठवडे ती घरात मुकी पडून होती. चौथ्या आठवड्यात नवऱ्याकडे बघून अगदी स्वच्छ म्हणाली, "अन्सेल्मो, जरा पाणी देता का?"

तिला बोलायला शिकवणारी रोमिना खूश झाली. नाव बरोबर, वाक्य बरोबर, आणखी काय हवं? शेजारणीही म्हणाल्या, देव पावला. अन्सेल्मो मात्र पाणी देऊन दाराबाहेर जाऊन बसला. 'देता का' म्हणे! बाई वाचली, पण आपली बायको काही परत आली नाही, असंच त्याच्या मनाने घेतलं. पुढचे दहा दिवस तेच. उशी सरकवा, आभारी आहे, बसा ना. बँकेतल्या बाईने बोलावं तसं. बरं, सांगणार कुणाला? बायको आदराने बोलते म्हणून याचं पोट दुखतं, असं म्हणून लोक हसले असते.

अकराव्या दिवशी रोमिना तिला चित्रं दाखवत होती. अन्सेल्मो पलंगाशेजारी थर्मॉसमधल्या पाण्याने कडू चहा करत होता. त्याच्या हातून थर्मॉस निसटला आणि पाणी पलंगभर झालं.

"जाड्या, मेल्या, गादी भिजवलीस ना माझी!"

अन्सेल्मो मटकन त्या ओल्या गादीवरच बसला आणि ढसाढसा रडायला लागला. छातीवरचा धोंडा उतरला होता. रोमिनाने त्या काटकुळ्या माणसाला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, वहीत फुली मारली आणि त्याची समजूत घातली. जाड आणि बारीक यांत त्यांचा अजून घोळ होतोय, पण घाबरू नका, उद्यापासून विरुद्ध शब्दांचा सराव घेऊ.

"बाई, बाकी सगळं सुधारा," अन्सेल्मो डोळे पुसत म्हणाला. "तेवढं एक चुकीचंच राहू द्या."