एक नंबरचं इंजिन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि मी ते कुणी विचारायच्या आधीच सांगते. बेळगावात मला नोकरी आहे, भाड्याचा फ्लॅट आहे, आणि लोक जिथं सोफा ठेवतात तिथं माझं विमान आहे. विमान म्हणजे कॉम्प्युटर, मोठा स्क्रीन, टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग आणि चार दांड्यांचा थ्रॉटल. सिम्युलेटरबरोबर नवी विमानं आयती मिळतात, ती बटण दाबलं की आपली आपण उडतात. मला त्यात काही गोडी वाटत नाही. मी वेगळं विकत घेतलंय ते जुन्या काळचं, चार इंजिनांचं प्रवासी जेट. त्यात सगळं हातानं करायचं. प्रत्येक इंजिनाच्या गोल काट्यांची एक उभी रांग, अशा चार रांगा शेजारीशेजारी. खऱ्या विमानात ते काटे बघायला वेगळा माणूस बसायचा. मी एकटीच सगळं बघते.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, वहिनीला घेऊन निपाणीहून माझ्याकडं आला तो उपचारासाठी. तो ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या ट्रकवर माझं शिक्षण झालं, हेही मी लपवत नाही. उन्हाळ्यात त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला, व्यायाम झाला, वहिनीनं तेल चोळलं, आणि हळूहळू हात उठला, पाय उठला. जीभ तर पहिल्यापासून शाबूत होती. आता आठवड्याभरात निपाणीला जाऊन तो परत गाडी धरणार होता. तंबाखू भरायची आहे, कधी येतोस, म्हणून मालकाचे फोन चालू झाले होते.

त्या रविवारी दुपारी मी सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्याच विमानतळाच्या, धावपट्टीवर विमान उभं केलं होतं. अण्णा मागं येऊन उभा राहिला.

"एकटीच किती खेळतीस गं? सरक जरा."

मी दुसरी खुर्ची ओढली. विमानात कॅप्टन डावीकडं बसतो, असं मी सांगितलं.

"आमचं स्टेरिंग उजवीकडं असतंय," तो म्हणाला.

मग मी उजव्या सीटवरचं दृश्य लावलं आणि स्टिअरिंग त्याच्या पुढ्यात सरकवलं. उडाल्यावर विमान हायवेच्या वरनं निपाणीच्या दिशेला घेतलं. खालचा रस्ता बघून तो खुशीत आला.

"ही हत्तरगी. ते फुडं संकेश्वर. तिथं एक हाटेल हाय, च्या वंगाळ, पण भजी लई भारी."

"विमानातनं भजी दिसत न्हाईत अण्णा."

"तुला दिसत नसतील."

बऱ्याच दिवसांनी तो असा हसत होता. मी त्याला काम दिलं. इंजिनांचे काटे बघायचे आणि सगळे सारखे आहेत का ते सांगायचं.

"तिन्ही सारखं हाईत," तो म्हणाला.

"चार हाईत."

"तीन."

मला वाटलं चेष्टा करतोय. "बोट ठेवून मोज," मी म्हटलं. त्यानं उजवीकडून बोट ठेवत मोजलं. एक, दोन, तीन. मग बोट खाली घेतलं आणि माझ्याकडं बघितलं, झालं म्हणून. सगळ्यात डावीकडची रांग स्क्रीनवर होती. बाकीच्या तिघींइतकीच स्पष्ट.

चष्मा बदलायला झाला असेल, असं मी मनाला सांगून बघितलं. पण मन ऐकेना. सिम्युलेटरमध्ये बिघाड मागवता येतो. मी गुपचूप एक नंबरचं इंजिन बंद पाडलं. एक नंबर म्हणजे डावीकडचं टोकाचं. त्याचे काटे घसरत तळाला आले.

"सगळं ठीक आहे?" मी विचारलं.

"ठीक हाय." त्यानं स्टिअरिंग जरासं उजवीकडं धरलं होतं. "डावीकडं वडतंय मात्र. टायरात हवा कमी असली की असंच वडतंय."

त्याच्या हातांना कळत होतं आणि ते विमान नीट सावरत होते. डोळ्यांच्या गावीही नव्हतं. मी इंजिन परत चालू केलं आणि विमान माझ्याकडं घेऊन उतरवलं.

संध्याकाळी जेवताना मी त्याच्या ताटाकडं बघत बसले. उजवीकडची भाजी संपली, आमटी संपली. डावीकडची शेंगदाण्याची चटणी, कांद्याची कोशिंबीर, लिंबाची फोड वाढली होती तशीच. मी आत जाऊन वहिनीला विचारलं, अण्णा चटणी खाईना का?

"डॉक्टरनी तिखट कमी करा म्हटलंय न्हवं, ते लई मनावर घेतलंय," वहिनी म्हणाली. "कोशिंबिरीला पण हात लावीनात."

मी बाहेर आले आणि त्याचं ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडं आली.

"आता वाढलीस व्हय?" अण्णा म्हणाला, आणि सगळी चटणी पुसून खाल्ली. वहिनी भाकरी हातात घेऊन दारातच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळच सांगितलं. आडवळणानं बोलायला मला येत नाही. "अण्णा, तुला डावीकडचं दिसत नाही. गाडी धरू नको."

"तुझ्या खेळण्यातलं दिसत नसंल. रस्ता दिसतोय."

"आणि ताटातलं?"

"ताट घिऊन मी पुण्याला जात न्हाई." मग आवाज चढवून म्हणाला, "डावी बाजू ड्रायव्हरची नसतीच. तिकडं किन्नर बसतोय. कोण आत घुसलं की दारावर थाप मारतोय. इतक्या वर्षांत डावीकडं मी बघितलंय कवा?"

त्याच्या धंद्यात खरंच तसं होतं, आणि भीती त्याचीच वाटली. किन्नर म्हणजे गाडीवरचा क्लीनर; तो पेंगला, फोनवर बोलत बसला, की डाव्या बाजूला कुणीच नाही. कोगनोळीच्या नाक्यावर डावीकडून किती दुचाक्या घुसतात ते मी बघितलंय. पोरांना शाळेला सोडायला निघालेली माणसं असतात.

"किन्नर झोपला तर?"

"झोपला तर मी शिव्या घालतोय."

आतून वहिनी म्हणाली, "माझ्यासाठी एकदा डॉक्टरला दावा. मग धरा गाडी."

दवाखान्यात त्याची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजवीकडं बटण टकटक वाजत होतं. डावीकडं ठिपके चमकून विझत होते आणि अण्णा पुढच्या ठिपक्याची वाट बघत शांत बसला होता. डॉक्टर त्याच्याशी कानडीत बोलत होते. वहिनी कागलकडची, मी तिला हळू आवाजात मराठी करून सांगत होते. डोळे चांगले आहेत. पण झटक्यामुळं मेंदू डावीकडचं घेतच नाही, म्हणून त्यांना काही कमी आहे असंही वाटत नाही. गाडी चालवायची नाही. पुढं सुधारेल का, याचं आज काही सांगता येत नाही.

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो.

"मग किन्नरकी करतो," अण्णा म्हणाला. आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "ती तर डावीकडचीच."

तेवढ्यात मालकाचा फोन आला. अण्णानं नाव बघितलं, वाजू दिला आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"तू सांग. तू शिकलेली हैस."

डिग्री मिळाल्यापासून हे वाक्य मला आवडत आलं होतं. त्या दिवशी आवडलं नाही. मी उभी राहून सांगितलं की अण्णाला डाव्या बाजूचं दिसत नाही, तो आता गाडी चालवणार नाही. एवढं बोलायला शिक्षण लागत नव्हतं.

"काय म्हणाला?" फोन ठेवल्यावर अण्णानं विचारलं.

"वाईट झालं म्हणाले. किल्ली कुणाजवळ तरी पाठवा, दुसरा माणूस बघतो म्हणाले."

"आणि?"

मी वहिनीकडं बघितलं. "एवढंच."

तो उजव्या हातानं डावा हात चोळत राहिला.

"दुसरा कोण, ते इचारायचं हुतंस गं," तो म्हणाला. "त्या गाडीचा तिसरा गिअर अडकतोय. त्येला कुणीतरी सांगाय पायजे."